तलावात गेलेली वाट

आमच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, पायांना स्वस्थता नव्हती. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमचं घर म्हणजे पुढं अप्पांचं भुसार मालाचं दुकान आणि मागं दोन खोल्या, वर माळवद. दुकानातली मिरची घरात शिंकायला लावायची आणि घरातल्या फोडणीचा वास दुकानात गिऱ्हाइकापर्यंत जायचा. शेजारच्या बोळात माग होते. त्यांचा खटखटाट सकाळपासून चालू असे, इतका की तो थांबला की आम्ही दचकून वर बघायचो. अशा त्या घरात अव्वा भाकऱ्या थापता थापता मध्येच उठायची. तव्यावरची भाकरी मला उलटायला सांगायची आणि जिना चढून माळवदावर जायची. तिथं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायची. पंधरा पावलं तिकडं, पंधरा पावलं इकडं. तिच्या पावलांनी छतातली माती झिरपून खाली अप्पांच्या ताटात पडायची. अप्पा वर बघून ओरडायचे, "अगं माती पडतीय, बस की जरा!" वरची पावलं क्षणभर थांबायची आणि मग पुन्हा सुरू व्हायची.

ती मूळची अक्कलकोटच्या अलीकडच्या एका खेड्यातली. लहानपणी आठवड्याच्या बाजाराला आपल्या आजोबांबरोबर अक्कलकोटला चालत जायची आणि चालत यायची. लग्न होऊन सोलापुरात आली आणि तिचं चालणं किराण्याच्या घरात अडकलं. तिचे आईवडील लवकर गेले, एकुलता भाऊ जमीन विकून विजापूरकडं निघून गेला. माहेर म्हणावं असं काही उरलं नव्हतं. तरी कधी कधी भाजी निवडताना ती त्या वाटेचं वर्णन करायची. फाट्यावर उतरायचं, मग माळ, माळावर एकटं लिंबाचं झाड, मग ओढा, ओढ्यापलीकडं चढ आणि चढावर गाव. "दोन तासांची वाट बघ," म्हणायची. घरात आम्ही कानडी आणि मराठी दोन्ही बोलायचो, कुठलं वाक्य कुठं वळेल याचा नेम नसे. पण वाटेबद्दल बोलताना ती कानडीतच शिरायची.

रविवारी दुपारी दुकान बंद करून अप्पा झोपले की ती मला खूण करायची. "जरा पाय मोकळे करून येऊ." पेठेतून बाहेर पडलो की तिची चाल बदलायची. पदर कमरेला खोचलेला, नजर लांब. मी मागून जवळजवळ धावत. सरळ रस्ता तिला कधीच पसंत नसे. "इकडनं जवळ पडतंय," म्हणून ती शेतात शिरायची आणि तिथंच आमच्या सफरीचं वाटोळं व्हायचं. एकदा ज्वारी काढून नेलेल्या रानातून गेलो तर धसकटांनी माझ्या पोटऱ्या सोलून निघाल्या. एकदा वाट चुकून रेल्वेच्या रुळांवर आलो, तिथून कडब्याच्या बैलगाडीत बसून, डोक्यात पाचट घेऊन, दिवेलागणीला घरी पोचलो. अप्पा दारातच उभे होते. ते रागावणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी फक्त विचारलं, "कुठं गेला होतात?" अव्वा म्हणाली, "कुठं नाही." ते खोटं नव्हतं.

आज माझ्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत आणि मुलानं हातात बांधलेलं घड्याळ मला रोज संध्याकाळी चाललीस किती ते सांगतं. नातीची पिढी पाठीला पिशव्या लावून सह्याद्रीत जाते, महिनाभर आधी बेत ठरतो. मला त्यांचं कौतुक वाटतं. पण कुठलाही बेत न ठरवता नुसतं उठून निघणाऱ्या बाईच्या मागं चालणं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक नसावं. मला त्या वयात एकच भीती होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. वाटायचं, ही एखाद्या दिवशी चालता चालता मागं वळायचीच विसरून जाईल.

माझी दहावीची परीक्षा संपली होती. निकाल लागायचा होता. उन्हाळा असा की दुपारी नळाच्या पाण्यानं हात भाजावा. थोरला भाऊ पुण्याला शिकत होता, अप्पा मालाच्या खरेदीला दोन दिवस नातेपुत्याला जाणार होते. ते निघायच्या आदल्या दिवशी अव्वा म्हणाली, "गुरुवारी मी आणि गिरिजा अक्कलकोटला दर्शनाला जाऊन येतो." दर्शनाला कोण नाही म्हणणार? अप्पा म्हणाले, "जा की. माझाही नमस्कार सांगा." त्यांनी मोठ्या मनानं तसं म्हटलं, आणि मला तेव्हाच अव्वाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललेलं दिसलं.

पहाटेच तिनं कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि दोन कांदे फडक्यात बांधले. पाण्याची एक बाटली, तीही औषधाची, धुऊन घेतलेली. गुरुवारची एसटी भक्तांनी खच्चून भरलेली. अर्ध्या वाटेवर एक फाटा आला तशी अव्वा उठली. कंडक्टर म्हणाला, "अवो बाई, अक्कलकोट आलं न्हाय अजून."

"माहीत आहे," अव्वा म्हणाली. "आमचं इथंच आहे."

गाडी निघून गेली. धुरळा बसला. मी विचारलं, "अव्वा, दर्शन?"

"संध्याकाळी बघू की," ती म्हणाली आणि माळाकडं तोंड करून चालू लागली.

तिनं सांगितलं होतं तसंच सगळं भेटत गेलं. माळ, माळावर पिवळं पडलेलं कुसळी गवत, आणि तासाभरानं ते एकटं लिंबाचं झाडसुद्धा. अव्वानं त्याच्या खोडाला हात लावला. तिथं आम्ही एकेक भाकरी खाल्ली. ती एवढी खुशीत होती की मला तिच्याकडं बघायचा संकोच वाटायला लागला. आईला असं बघायची सवय नव्हती. झाड मागं पडलं, गाडीवाट उताराला लागली, आणि उतार संपला तिथं ओढा नव्हता. तलाव होता.

अव्वा थबकली. तलाव झाल्याचं तिनं ऐकलं होतं म्हणे, पण तो कुठंतरी खालच्या अंगाला असेल असं तिला वाटलं होतं. गाडीवाट सरळ त्या तलावात शिरत होती. उन्हाळ्यानं पाणी मध्यभागी आटून बसलं होतं, त्याच्या वरच्या अंगाला तर पाणीच नव्हतं, नुसता भेगाळलेला गाळ, दोन-अडीचशे पावलं. आणि त्याच्या पलीकडं चढ, चढावर झाडं, घरांची माळवदं. एका घरातून धूर निघताना दिसत होता.

"ते बघ," अव्वा म्हणाली. "समोर तर आहे."

"बांधावरनं जाऊ," मी म्हटलं. उजव्या हाताला लांबवर तलावाचा बांध दिसत होता.

"एवढा फेरा? हे वाळलंय की सगळं."

ती निघाली. मी दहा पावलं मागं. सुरुवातीला गाळ खरंच खापरीसारखा कडक होता, पायाखाली कुरकुर वाजायचा. भेगा इतक्या रुंद की त्यात हात जावा. पुढं पुढं त्याचा रंग काळा होत गेला. मी म्हटलं, "अव्वा, ओलं आहे." ती म्हणाली, "थोडंच आहे," आणि तिचा उजवा पाय घोट्यापर्यंत आत गेला. पुढं घट्ट लागेल अशा हिशेबानं तिनं डावा पाय जोरात टाकला. तो गुडघ्यापर्यंत गेला. मग उजवा काढायला म्हणून तिनं डाव्यावर भार दिला आणि बघता बघता ती मांड्यांपर्यंत आत होती. हे सगळं इतक्या शांतपणे घडलं की मी ओरडलेसुद्धा नाही. मी पुढं धावले, तर माझाही पाय बसला. तेव्हा ती कडाडली, "बरब्याड! गिरे, बरब्याड!" येऊ नको. भ्यायली की तिची मराठी निघून जायची.

मी ओढणी फेकली. ती पोचली नाही. पोटावर झोपून पुन्हा फेकली, तिचं टोक अव्वाच्या हातात आलं. मी ओढलं तर मीच पुढं सरकले. अव्वानं ओढणी सोडून दिली. ती जेवढी हलत होती तेवढी खाली जात होती, आणि न हलणं तिच्या स्वभावात नव्हतं. गाळ आता कमरेला लागला होता. ती म्हणाली, "कुणाला तरी बघ जा." आवाज अगदी साधा, दुकानातून गूळ आण म्हणावं तसा. त्या साधेपणानंच मला जास्त भीती वाटली.

मी पळाले. चढ चढून माळावर आले आणि चारी बाजूंना बघितलं. ऊन आता चांगलंच चढलं होतं, माळ नुसता थरथरत होता. हाका मारल्या तर आवाज कुठं आदळतही नव्हता. रडत रडत बांधाच्या दिशेनं पळत सुटले, मध्येच वाटलं आपण अव्वापासून लांब चाललोय, म्हणून परत फिरले, पुन्हा वळले. असा किती वेळ घालवला देव जाणे. मग कुत्रं भुंकल्याचं ऐकू आलं. एका ओघळीत मेंढरं बसली होती, माना एकमेकींच्या पोटाखाली घालून. एक धनगर बाई काठीवर रेलून उभी होती आणि तिचा नवरा वाळूत झरा उकरत होता.

"गाळात, माझी आई गाळात," एवढंच मला बोलता आलं.

बाईनं काठी टाकली. "आवं, घोंगड्या घ्या!" एवढं म्हणाली आणि साडी वर खोचून माझ्यापुढं पळायला लागली. नवरा मागून दोन घोंगड्या आणि शेंगा पाडायची लांब आकडी घेऊन आला.

आम्ही पोचलो तेव्हा अव्वाचे डोळे मिटलेले होते. बाईनं हाक मारली, "ओ ताई! हलू नका आता. जितं हाय तितं ऱ्हावा." अव्वानं डोळे उघडले. बाईनं घोंगडी दुमडून गाळावर पसरली, तिच्यापुढं दुसरी. मग ती स्वतः त्यावर पालथी झोपली आणि नवऱ्याला म्हणाली, "माजे पाय धरा." तो कडक भागावर बसून तिचे घोटे धरून राहिला. ती सरकत सरकत अव्वाजवळ गेली. "आता मागं रेला. खाटंवर निजल्यागत. पाय वढू नका, आपसूक येत्यात."

अव्वाला निजणं जमेना. तिची साडी गाळानं धरून ठेवली होती, वर यायचं म्हणजे साडी मागं राहणार होती. ती नुसती धनगराकडं बघे. बाईच्या ते लक्षात आलं. मान वळवून ती ओरडली, "तुमी तिकडं तोंड करा वो!" आणि तो बिचारा मेंढरांच्या दिशेनं तोंड करून, बायकोचे पाय तसेच घट्ट धरून बसला. त्याही अवस्थेत अव्वाला हसू फुटलं. हसता हसता ती मागं रेलली. बाईनं तिच्या काखेत आकडीची काठी घातली आणि टिचभर टिचभर करत एक पाय मोकळा झाला, मग बऱ्याच वेळानं दुसरा. सुटताना गाळानं असा आवाज केला की मी कानांवर हात ठेवले.

बाईनं घोंगडी तिला गुंडाळली. साडी नंतर आकडीनं ओढून काढली, ती साडी म्हणून ओळखू येत नव्हती. बाजूच्या दगडांवरून पाण्यापर्यंत जाता येत होतं, तिथं दोघींनी मिळून ती खळबळून घेतली. मग ओघळीत बसून त्या बाईनं आम्हाला हुलग्याचं माडगं दिलं, जरमनच्या वाटीत, पातळ आणि तिखट. अव्वा तीन वाट्या प्याली.

"आमची शेळीबी जात न्हाय त्या गाळात," बाई म्हणाली. "कुटं निघाला व्हता?"

अव्वानं हनुवटीनं पलीकडचं गाव दाखवलं. "माझं माहेर."

"कोन हाय तितं?"

"कुणी नाही."

मला वाटलं, आता ही विचारणार, मग कशाला गेला होता मरायला? पण ती मान डोलावून म्हणाली, "व्हय. वड आसती की पायाला. आमी वरीसभर हिंडतूय. मेंढरं हायती म्हून कोन इचारत न्हाय, येवडंच." मग तिनं हातानं बांध दाखवला. "बांधावरनं जावा. दीड कोस पडंल. उनं उतरायच्या आत पोचताय."

अव्वानं बांधाकडं बघितलं. तिच्या केसांत गाळ वाळून पांढरा झाला होता, दंडावर काठीचे वळ होते, ओली साडी अंगावरच सुकत होती. आणि मी तिच्या चेहऱ्यावर ती नजर बघितली. लांबची. ती उठली आणि म्हणाली, "नडी." चल.

माझ्या आत काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. ओघळीपाशी पोचेपर्यंत मी तिला दहा वेळा मेलेली बघितली होती. आणि ती चालायला निघाली होती. मी म्हटलं, "मी येणार नाही."

"अगं, एवढं आलोय तर..."

"मी अप्पांना सांगेन," मी ओरडले. "दर्शनाचं खोटं सांगून आलीस ते सांगेन. गाळाचं सांगेन. सगळं सांगेन. परत तुला घराबाहेर सोडणार नाहीत ते."

धनगर नवराबायको मेंढरांकडं बघू लागले. अव्वा मात्र माझ्याकडं बघत होती. रागानं नव्हे. आपण कुणाबरोबर आलो होतो ते नव्यानं कळल्यासारखी. मग तिनं फडकं उचललं, बाईचे दोन्ही हात हातात घेतले आणि फाट्याच्या दिशेनं वळली. सगळी वाट ती माझ्या मागून चालली. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं. मी जिंकले होते, आणि पाठीमागून येणारी तिची पावलं ऐकताना मला ते जिंकणं कुठं ठेवावं कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पा आले. हातपाय धुऊन जेवायला बसले. अव्वानं त्यांना वाढलं आणि समोर बसून म्हणाली, "आम्ही दर्शनाला गेलो नव्हतो." मग तिनं सगळं सांगितलं. फाटा, लिंब, गाळ, घोंगडी, तोंड फिरवून बसलेला धनगर, काही म्हणजे काही गाळलं नाही. माझी धमकी तेवढी सांगितली नाही. अप्पांचा घास हातातच राहिला होता. त्यांनी विचारलं, "पण तिथं आहे कोण आता तुझं?"

"कुणी नाही."

"मग कशाला?"

"चालायला," अव्वा म्हणाली.

अप्पा उठले आणि ताटातच हात धुतला. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच उरलो तेव्हा अव्वा भांडी गोळा करत मला म्हणाली, "आता तुझ्याकडं सांगायला काही राहिलं नाही." त्यात टोमणा नव्हता. माझ्या हातातलं जड काहीतरी तिनं काढून घेतल्यासारखं ती म्हणाली. पण मला ते लागायचं ते लागलंच.

पुढचे पंधरा-वीस दिवस घरात बोलणं कमी आणि मागांचाच आवाज जास्त होता. अप्पा ताटाकडं बघून जेवायचे. वर माळवदावर पावलं वाजायची, माती पडायची, पण ते ओरडत नसत. मग एका सकाळी अव्वा साडी नेसून, फडकं बांधून दुकानात आली आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "मी चालायला जाते. संध्याकाळपर्यंत येते." अप्पांनी तराजूतून मान वर केली. मी दाराआड उभी. ते म्हणाले, "पाणी जास्त घे." आणि पुन्हा तूर मापायला लागले. आता वाटतं, त्या तीन शब्दांसाठी त्या माणसाला वीस दिवस लागले होते.

मला तिनं बोलावलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. त्या दिवशी मी माळवदावर बसून राहिले, ऊन लागलं तरी. दिवे लागायच्या आत ती आली, गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेली. मी पाण्याचा तांब्या दिला. विचारलं, "पोचलीस?"

"पोचले."

"काय आहे तिथं?"

"घरं आहेत. माणसं आहेत. एकीनं चहा दिला." पाणी पिऊन तिनं तोंड पुसलं. "गावाच्या पुढंही वाट आहे गं. लहानपणी तिकडं जाऊ देत नव्हते."

मी म्हटलं, "पुढच्या वेळी मी येऊ?"

तिनं तांब्या माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, "तू वळायला लावतेस." आणि पाय धुवायला मोरीत गेली.

माझा निकाल लागला, पास झाले, कॉलेजात नाव घातलं. अव्वा महिन्यातून एकदोनदा जायची. कधी वाट चुकायची, कधी गाडी चुकायची, एकदा तर कुठल्याशा लग्नात जेवून आली. मी विचारायची, ती सांगायची, पण मी पुन्हा "येऊ का" म्हटलं नाही. दिवाळी झाली. थंडी पडली. एका सकाळी मी पुस्तक उघडून बसले होते, वाचत काहीच नव्हते. अव्वा साडी खोचून दारात आली. निघून जाईल म्हणून मी मान वर केली नाही. ती गेली नाही.

"आवर लवकर," ती म्हणाली. "गाडी आपल्यासाठी थांबत नाही."

कुठं जायचं, ते मी विचारलं नाही.